अँप ५०० वॅटचा आणि बॉक्स ३०० वॅटचा, जळेल का?

तुम्ही विचारलंय की बेस गिटारच्या अँपवर (आवाज वाढवणाऱ्या यंत्रावर) ४ ओहमला ५०० वॅट लिहिलंय, स्पीकरचा बॉक्स ८ ओहमचा ३०० वॅटचा आहे (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, ओहम कमी तितका करंट जास्त), तर बॉक्स जळेल का, आणि मोकळ्या जागेवर पुरेल का की अजून एक बॉक्स घेऊ.

जळत नाही. लावा आणि वाजवा. ८ ओहमवर तो अँप ५०० देतच नाही, अडीचशे-पावणेतीनशे देईल, आणि निम्मे वॅट म्हणजे निम्मा आवाज नव्हे, ३ डेसिबलचा फरक पडतो फक्त, तो हळदीत नाचणाऱ्या कुणाच्या बापाला कळत नाही.

उत्तर खरं इथंच संपतं. पण "वॅट जास्त झाले म्हणून बॉक्स जळतो" हे वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण हेच वाक्य मी अकरा वर्षं दर भाऊबीजेला दाजींच्या तोंडून ऐकतोय.

झालं असं की चोपड्याकडच्या एका गावात हळदीचा प्रोग्रॅम होता, दाजींच्याच भाऊबंदकीत. मे महिना, रात्री नऊलासुद्धा झळा लागत होत्या. आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक, दोन गायक आणि मी बेसवर. अँप माझा, मागे ठळक लिहिलेलं की ४ ओहमच्या खाली जाऊ नका. बॉक्स दोन, दोन्ही ८ ओहमचे, पॅरेलल म्हणजे समांतर जोडले की मिळून ४. अँपचं पोट बरोब्बर भरलेलं. तेवढ्यात दाजी टेम्पोतून तिसरा बॉक्स उतरवतात, धुळ्याहून बनवून आणलेला, १५ इंची, ४ ओहमचा, आणि माझ्या बॉक्सच्या मागच्या रिकाम्या जॅकमध्ये लीड खुपसतात. मी म्हटलं दाजी नका लावू, २ ओहम होतंय. तर म्हणे, "तुले काय समजतं? बॉक्स वाढला का लोड वाटला जातो, अँपले आराम भेटतो." बहिणीचं सासर, समोर तिच्या सासूबाई बसलेल्या, मी गप्प बसलो. आजही त्याचाच राग येतो, दाजींपेक्षा माझाच जास्त.

लोड वाटला जात नाही, वाढतो. विहिरीवरच्या मोटरवर एकाच वेळी तीन कॉक उघडले की पाणी जास्त पळतं आणि मोटर ओव्हरलोड होऊन स्टार्टर पडतो, तसंच आहे. अँप आपला व्होल्टेज देतो, करंट ओढतो तो बॉक्स. समजा ४० व्होल्ट निघतायत, तर ८ ओहमला ५ अँपिअर, ४ ला १०, आणि २ ला सरळ २०. कागदावर वॅट वाढतात, खरं तर तो करंट पुरवता पुरवता आउटपुट ट्रान्झिस्टर भाजून निघतात. वर असे बॉक्स मिसळले की ४ चा बॉक्स ८ वाल्याच्या दुप्पट वॅट खातो, म्हणजे आमच्या तिघांत अर्धा माल एकट्या दाजींच्या बॉक्सला जात होता.

पहिलं गाणं काय वाजलं म्हणून सांगू! छातीत धडधड व्हायला लागली, पोरं उड्या मारायला लागली, आणि दाजींनी माझ्याकडे बघून फक्त मिशीवर हात फिरवला. तिसऱ्या गाण्याला अँप गरम होऊन बंद. पाच मिनिटांनी चालू, परत बंद. मग दाजींनी मांडवातला कूलर नवरदेवाच्या आजीकडून फिरवून अँपवर लावला आणि आजी बिचारी पदराने वारा घेत बसली. वरण-बट्टीच्या पंगती उठेपर्यंत अँप थंड झाला, आम्ही परत सुरू केलं, आणि अकराच्या सुमारास भुऽऽम असा एकच आवाज, मग जळका वास, मग दाजींच्या बॉक्समधून धूर. कुणीतरी शहाण्याने जनरेटर बंद केला म्हणून माझे दोन वाचले.

जळगावच्या मेकॅनिकने अँप उघडून दाखवला, एका बाजूचे सगळे ट्रान्झिस्टर शॉर्ट. ते शॉर्ट झाले की आतला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, थेट स्पीकरच्या कॉईलवर जातो, कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) एका जागी ताणून बसतो आणि कॉईल हीटरच्या तारेसारखी तापते. त्या जुन्या अँपमध्ये डीसी आपोआप तोडणारा स्विच, म्हणजे रिले, नव्हता. म्हणजे आधी अँप मेला आणि मरताना त्याने बॉक्स मारला, वॅट-बिट जास्त झाले नव्हते. साडेसहा हजार बिल, मीच भरलं. आणि दाजी सगळ्यांना सांगतात की शालकाने पाचव्या तारेने माझा बॉक्स जाळला.

आता पाचव्या तारेचं, म्हणजे बेस गिटारच्या सगळ्यात खालच्या सुराच्या तारेचं, थोडं खरं आहे, ते कबूल करतो. ती ३१ हर्ट्झच्या आसपास वाजते, चौथी ४१ ला, आणि जितकं खाली जाल तितका कोन जास्त हलतो, त्यामुळे अँपवरचा बेसचा नॉब पूर्ण फिरवून ती तार हाणली तर ३०० वॅटच्या आतही कोन फाटू शकतो. तुम्हीही जपा. पण त्याने अँप जात नाही हो दाजी.

हे सगळं ट्रान्झिस्टर अँपचं. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) असेल तर वेगळी गोष्ट, तिथे बॉक्सचा ओहम आणि अँपच्या मागचा टॅप (ओहम लिहिलेली जोडणीची जागा) जुळलाच पाहिजे आणि बॉक्स न जोडता चालू तर करूच नका. मीटर लावला तर ८ चा बॉक्स ६ च्या आसपास दाखवतो, त्याला घाबरू नका, तो डीसीचा आकडा असतो. आणि गिटारची लीड बॉक्सला लावू नका, जाड स्पीकर वायर घ्या.

मोकळ्या जागेचं म्हणाल तर अँपच्या लाईन आउटमधून मिक्सरला द्या, गावाला ऐकवायचं काम साउंडवाल्याचं, तुमचा बॉक्स तुमच्या कानापुरता. तरी दुसरा घ्यायचाच असेल तर ८ चाच घ्या आणि शक्यतो तोच मॉडेल, दोन मिळून ४ होतील आणि अँप पूर्ण ५०० देईल. ४ चा, १५ इंची, धुळ्याला बनवलेला कुणी स्वस्तात देऊ केला तर आधी कॉईल तपासा, आमच्या दाजींचा अजून विकला गेलेला नाही.