गणपतीला गावी जायचंय, मांजरांचं काय करू?

पत्र : मावशी, आम्ही ठाण्याला पाचव्या मजल्यावर राहतो. घरात दोन मांजरं आहेत. चिंगी ९ वर्षांची, माझ्या लग्नाआधीपासूनची. बोक्या ३ वर्षांचा, पावसात भिजत बसलेला ह्यांनीच उचलून आणला. दोघांचीही नसबंदीची ऑपरेशनं झालीत. ह्यांच्या गावी, राजापूरजवळ, गौरी-गणपती असतात आणि सात दिवस जावंच लागतं. गेल्या वर्षी शेजारच्या कॉलेजातल्या मुलाकडे किल्ली दिली होती. तो सात दिवसांत दोनदाच फिरकला. परत आलो तेव्हा चिंगी कपाटावर चढून बसली होती, दोन दिवस तिने धड खाल्लं नाही. म्हणून यंदा मी म्हटलं, मी येत नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘मांजरांपायी गौरी सोडतेस? मांजर चार दिवस उपाशी राहिलं तरी काही होत नाही त्याला.’ हे म्हणतात, मोठं भांडं भरून ठेवू, नाहीतर गाडीत घालून घेऊन जाऊ. मला घरच्यांपुढेही अपराधी वाटतं आणि मांजरांपुढेही. काय करू?

उत्तर : तू गावी जा. मांजरांना ठाण्यालाच राहू दे. मात्र रोज, एकही दिवस न चुकता, कोणीतरी दार उघडून आत आलं पाहिजे. एवढी एक गोष्ट जमत असेल तर मनात काही न ठेवता गौरी आणायला जा. ती जमत नसेल तर बाकी कितीही तयारी केलीस तरी सात दिवस घराला कुलूप लावू नकोस.

सासूबाईंच्या बोलण्याचा राग धरू नकोस. त्यांनी जन्मभर जी मांजरं पाहिली ती पडवीत, माळ्यावर, गोठ्यात वावरणारी. उंदीर, पाली, शेजारच्या घरातलं मासळीचं डोकं असं काही ना काही त्यांना मिळतच असतं. तुझ्या पाचव्या मजल्यावर असलं काही नाही. आणि मांजर चार दिवस उपाशी राहिलं तर काही होत नाही, हे साफ चूक आहे. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की मांजराच्या अंगातली चरबी यकृताकडे धावते. तिथे ती साचते आणि यकृताचं काम बंद पडायला लागतं. अंगाने गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. कुत्रा दोन दिवस रुसला तर निभावतं, मांजराचं तसं नाही.

ह्यांच्या ‘मोठं भांडं भरून ठेवू’मध्येही हीच अडचण आहे. भांडं भरलेलं असलं म्हणजे मांजर जेवतंय असं होत नाही. घाबरलेलं, गोंधळलेलं मांजर भरल्या भांड्याकडे पाठ करून पलंगाखाली बसून राहतं, आणि ते बघायला घरात कोणीच नसतं. शिवाय भाद्रपदातली हवा. कोरडे दाणे दीड-दोन दिवसांत मऊ पडतात, मुंग्या लागतात, बुरशी धरते. वेळेवर दाणे टाकणारं यंत्र मिळतं, ते जोडीला असू दे. पण चिंगी जेवली की नाही हे यंत्र सांगणार नाही.

मला खरी काळजी बोक्याची वाटते. नर मांजरांची मूत्रनलिका फार अरुंद असते. ताण आला, पाणी कमी प्यायलं गेलं की ती तुंबू शकते, आणि एकदा पूर्ण तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बाहेरून दिसतं ते इतकंच की बोका सारखा शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये जातो, बसून कुंथतो, ओरडतो, चाटत राहतो, आणि वाळू कोरडीच्या कोरडी. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालं असेल. तसं समजून सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. म्हणून जो कोणी घरी येईल त्याला सांग की खाणं घालण्याआधी वाळू बघायची. लघवीने भिजून झालेले वाळूचे गोळे रोजच्याइतके आहेत का, रोजच्याच आकाराचे आहेत का. गोळे नसतील तर आधी तुला फोन आणि लगेच बोक्याला घेऊन डॉक्टर. या एका नजरेसाठी माणूस हवा. खाणं-पाणी ठेवणं त्यामानाने सोपं काम आहे.

गाडीत घालून नेण्याचा विचार सोडून द्या. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गाची काय अवस्था असते ते तुला मी सांगायला नको. त्या कोंडीत दोन मांजरं पिंजऱ्यात दहा-बारा तास काढणार. समजा, तेही निभलं. पुढे गावचं घर आहे. कौलारू, दारं सताड उघडी, आरतीला अख्खी वाडी जमलेली, टाळ-मृदंग, फटाके, अंगणात अनोळखी कुत्री. फ्लॅटमध्ये वाढलेलं मांजर अशा ठिकाणी पहिल्या संधीला कौलांच्या फटीतून नाहीतर मागच्या दाराने पसार होतं. बाहेर पाऊस, दाट गवत, आणि पावसाळ्यात कोकणात फुरसं, मण्यार असतातच. त्याला ना वाट माहीत, ना तिथला वास ओळखीचा, आणि हाक मारलीस तरी घाबरलेलं मांजर आवाज न करता दडून बसतं. तुमचा परतीचा दिवस येतो आणि ते मिळालेलं नसतं. मांजराचा जीव माणसांइतकाच जागेत गुंतलेला असतो. आपली खिडकी, आपला सोफा, आपल्याच वासाची चादर असली की तुझ्याशिवाय सात दिवस ते काढू शकतं. चिंगी तर ९ वर्षांची आहे, या वयात तिची जागा हलवू नये.

बोर्डिंगचं, म्हणजे पैसे घेऊन मांजरं ठेवून घेणाऱ्या जागेचं, तू विचारलं नाहीस, पण हाताशी माणूस मिळालाच नाही तर तो पर्याय आहे. जागा स्वतः जाऊन बघ. कुत्री आणि मांजरं एकाच खोलीत ठेवत असतील, भुंकणं सतत कानावर पडत असेल, तर मागे फिर. चांगल्या ठिकाणी लसीकरणाचं कार्ड मागतात. कोणी मागितलंच नाही तर तिथे ठेवू नकोस, कारण शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजराचंही त्यांनी विचारलेलं नसणार. लसी राहिल्या असतील तर आत्ताच डॉक्टरांना गाठ. पहिल्यांदाच देत असतील तर दोन डोसांत तीन-चार आठवडे जातात.

आता माणसाबद्दल. गेल्या वर्षी त्या मुलाला तू नेमकं काय सांगितलं होतंस ते पत्रात नाही, पण ‘जरा बघशील का रे’ एवढंच झालं असेल असा माझा अंदाज आहे. ‘जरा’ म्हटलं की समोरचा त्याच्या सवडीने बघतो. यंदा हे काम म्हणून दे. तुझ्या कामाच्या मावशी, इमारतीतली एखादी निवृत्त बाई, पैसे घेऊन घरी येणारे कॅट सिटर, कोणीही चालेल. ज्याला मांजराची किळस वा भीती नाही आणि जो गणपतीत ठाण्यातच आहे, असा माणूस बघ. नेमकी इथेच गफलत होते, कारण त्या आठवड्यात निम्मी इमारत कोकणात गेलेली असते. पैसे ठरव, ते आधी दे, ओळखीचा असला तरी दे. सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या झाल्या तर फार छान, नाहीतर रोज एक तरी, अर्ध्या तासाची. रोज दोन्ही मांजरं डोळ्यांनी दिसली पाहिजेत आणि दोघांचा एकेक फोटो तुला आला पाहिजे. चिंगी कपाटावर असली तर कपाटावरचा फोटो. तिला ओढून खाली काढायचं नाही.

एक कागद लिहून फ्रिजवर लाव. कोण किती खातं, डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडा असणारा दवाखाना, मांजर न्यायचा पिंजरा कुठे ठेवलाय. डॉक्टरांनाही आधी कळवून ठेव, खर्चाला तुमची संमती आहे म्हणून. आणि त्या माणसाला ठणकावून सांग की मांजर मलूल दिसलं म्हणून घरातली क्रोसिन द्यायची नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा.

निघायच्या दिवशी घर मांजराच्या उंचीवरून बघ. पावसाळी वाऱ्याने बेडरूमचं दार धाडकन लागतं आणि आत झोपलेलं मांजर अडकतं, ना पाणी ना ट्रे. प्रत्येक दाराला जड काहीतरी लाव, पाट्याचा वरवंटा उत्तम. बाथरूमचं दार मात्र बाहेरून बंद कर, बादल्या रिकाम्या कर. बाल्कनीला आणि खिडक्यांना पक्की जाळी हवी. डासांची सरकती जाळी मांजराच्या वजनाने सुटते आणि तुम्ही पाचव्या मजल्यावर आहात. मखरासाठी आणलेली जर, रेशमी दोरे, सुईदोरा, राख्या सगळं कपाटात. दोरा गिळला की आतडी गोळा होतात आणि पोट फाडावं लागतं. घरात लिलीची फुलं असतील तर देऊन टाक, तिचा परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतो. पाणी तीन-चार भांड्यांत, वेगवेगळ्या खोल्यांत, ट्रेपासून लांब. ट्रे दोन मांजरांना तीन. दूध, मासळी, ओल्या खाण्याचं पाऊच उघडून ठेवून जायचं नाही, त्या माणसाने समोर बसून खाऊ घालावं आणि उरलेलं टाकून द्यावं. तुझी एक न धुतलेली ओढणी सोफ्यावर राहू दे.

आणि आता तुझं तू. पत्रात एक गोष्ट मला टोचली. बोक्या ह्यांनी आणला, तरी ‘मी येत नाही’ म्हणायची पाळी तुझ्यावर आली. माणूस शोधायचा तू, अपराधी वाटून घ्यायचं तू, बोलणी खायची तू. मांजरं दोघांची आहेत. यंदा माणूस शोधणं, पैसे ठरवणं, रोजचा फोटो बघणं हे ह्यांच्याकडे दे, आणि दिलंस की मध्ये पडू नकोस. सासूबाईंना यकृताची गोष्टही ह्यांनीच सांगावी. मुलाने सांगितलं की ती सुनेची तक्रार राहत नाही. सात दिवसांना माणूस मिळालाच नाही, तर एकाने गौरीच्या दिवशी पोहोचायचं किंवा विसर्जनाआधी परतायचं. तो एक म्हणजे तूच, असं कुठे ठरलेलं नाही.

राखीपौर्णिमा गणपतीच्या अडीच-तीन आठवडे आधी येते. त्या दिवशी माहेरी जाशील तर एक रात्र तिथेच राहा, हेही तुझ्याबरोबर येऊ देत. ठरवलेला माणूस ठरलेल्या वेळी आला का, वाळू बघून त्याने नीट सांगितलं का, चिंगी त्याच्यासमोर जेवली का, हे त्या एका रात्रीत कळेल. नाही जमलं तर दुसरा शोधायला तुमच्या हातात अजून दिवस असतील.