बागायतदाराच्या मुलाने मजुरांचा अभ्यास करावा का?

रावेर तालुक्यातून तुम्ही पाठवलेले पत्र मिळाले. समाजशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून केळी कापणाऱ्या मजूर टोळ्यांवर, त्यांच्यात राहून, लघुप्रबंध करण्याची तुमची इच्छा आहे. परंतु घरची केळीबाग असल्यामुळे तुमच्याकडून वस्तुनिष्ठ काम होणार नाही, तेव्हा प्रश्नावली भरून घ्या किंवा विषय बदला, असे मार्गदर्शकांनी सांगितले आहे आणि वडिलांना तर बँकेची परीक्षाच बरी वाटते.

मार्गदर्शकांची शंका रास्त आहे, उपाय मात्र मला पटत नाही. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, किती घेतली आणि किती फिटली, हे बागायतदाराच्या मुलाने विचारल्यावर मजूर जे सांगेल ते रकान्यात नीट बसेल, पण तेवढ्याने ते खरे ठरणार नाही. प्रश्नावलीने पूर्वग्रह जात नाही, तो फक्त दिसेनासा होतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने 1904 मध्येच मांडले होते की अभ्यासविषयाची निवड आपल्या मूल्यांतूनच होते. बंधन आहे ते हाती आलेला पुरावा त्या मूल्यांसाठी न वाकवण्याचे.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये म्हैसूरकडील एका खेड्यात राहिले तेव्हा त्यांचा मुक्काम गावच्या प्रमुखाच्या जागेत होता, आणि आपल्याला ते गाव बव्हंशी वरच्या जातींच्या बाजूने दिसले, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात याची खंत त्यांनी दडवली नाही. त्यामुळे निरीक्षण बाद झाले नाही; पाहणारी व्यक्ती कोण आणि कुठे उभी आहे, एवढे वाचकाला कळले.

तुमची खरी अडचण निराळी आहे. पंधरा दिवस डोक्यावर घड वाहिले तरी तुम्ही मजूर होणार नाही, कारण संध्याकाळी तुम्हाला परतायला घर आहे आणि हे टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून जेथे तुमचे वडील किंवा भाऊबंद मजूर लावत नाहीत असे गाव निवडा. (आडनाव सांगितले की आपल्याकडे पुढचे दहा प्रश्न विचारावेच लागत नाहीत, हे मात्र कोणत्याही गावी चुकणार नाही.) मुकादमाची परवानगी म्हणजे मजुरांची संमती नव्हे, ती एकेकाकडून, मुकादम जवळ नसताना घ्या. टोळी पावरा किंवा तडवी या आदिवासी समाजांतल्या मजुरांची असेल तर त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या, अर्थ नंतर विचारा.

वह्या दोन ठेवा. एकीत पाहिलेले व ऐकलेले वेगवेगळे, तारीख-वेळेसह, त्याच रात्री लिहा. दुसरीत स्वतःचा राग, संकोच, वडिलांची बाजू घ्यावीशी वाटली ते क्षण. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कींची खासगी रोजनिशी 1967 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली आणि ज्या बेटवासीयांबद्दल त्यांनी इतक्या आस्थेने लिहिले होते त्यांच्याविषयीचा त्यांचा वैताग जगाला तेव्हा दिसला. तुमची दुसरी वही मात्र प्रबंध लिहिताना तुम्हीच उघडायची आहे.

नोकरीबद्दल थोडक्यात सांगतो. प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागेल, जागा कमी आहेत, त्यामुळे बँकेची तयारी सोबत चालू ठेवण्यात कमीपणा नाही. काही महिन्यांच्या लघुप्रबंधाने ती बुडत नाही. विषय बदलण्यापूर्वी मात्र, आपण कोणाच्या घरचे आहोत आणि त्यामुळे कोणत्या गोष्टी आपल्यापासून लपवल्या जातील, हे एका पानावर लिहून मार्गदर्शकांना दाखवा. प्रबंधाच्या पद्धतीविषयक प्रकरणाचा आरंभ त्याच पानाने करता येईल.