शेततळ्यातील पाण्याचा हिशोब : ‘अर्धे तळे’ म्हणजे निम्मे पाणी नव्हे

प्रश्न : आमचे शेततळे वरून ३० बाय ३० मीटर व ३ मीटर खोल असून आतील उतार १:१.५ आहे. त्यात २७ लाख लिटर पाणी मावते, असे खोदाई करणाऱ्याने सांगितले होते. सध्या सव्वा मीटर, म्हणजे अर्धे पाणी शिल्लक आहे. मोसंबीच्या २२० झाडांना ठिबकने रोज प्रत्येकी ६० लिटर दिल्यास ते किती दिवस पुरेल? पंपाच्या माहितीपत्रकातील गॅलनचे लिटर कसे करावेत?

उत्तर : लांबी, रुंदी आणि खोली यांचा सरळ गुणाकार उभ्या भिंतींच्या हौदाला लागू पडतो. आपल्या तळ्याच्या बाजू उतरत्या (१:१.५ म्हणजे दर मीटर खोलीला प्रत्येक बाजूने दीड मीटर आत) असल्याने तळाची बाजू २१ मीटरच भरते, शिवाय काठाखाली अर्धा मीटर मोकळा ठेवावा लागतो, त्यामुळे पाण्याची खरी खोली अडीच मीटर व पाण्याच्या पृष्ठभागाची बाजू २८.५ मीटर राहते. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि बरोबर मधल्या पातळीच्या क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करून तिला खोलीने गुणावे व ६ ने भागावे. येणारे उत्तर सुमारे १,५४३ घनमीटर, म्हणजे १५ लाख ४३ हजार लिटर आहे.

तळे खाली निमुळते होत जात असल्याने तळाच्या सव्वा मीटरमध्ये याच्या निम्मे पाणी नसते. तेथे सुमारे ६ लाख ५५ हजार लिटरच असते आणि त्यातही तळाचे ३० सेंटिमीटर गाळामुळे पंपाने ओढू नये, म्हणून आणखी १ लाख ३८ हजार लिटर वजा करावेत. झाडांना रोज १३,२०० लिटर लागतील. पंप बंद असतानाही पातळी दिवसाला ८ मिलिमीटर उतरत असेल, तर बाष्पीभवन व पाझर मिळून आणखी सुमारे ४,३०० लिटर जातात. म्हणजे २७ लाखांच्या निम्म्यावरून १०२ दिवस वाटणारे पाणी प्रत्यक्षात महिनाभरही जेमतेम पुरेल. फळे झाडावर असताना हे उशिरा कळले तर हाती काहीच उरत नाही, म्हणून झाडांच्या आळ्यात पाचटाचे आच्छादन याच आठवड्यात करावे आणि पाण्याची दुसरी सोयही आताच पाहावी.

खोली मोजण्यासाठी तळ्यात उतरू नये. तळ्याच्या अस्तराच्या ओल्या प्लास्टिकवर पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर येणे कठीण जाते. समोरासमोरच्या काठांवर दोघांनी धरलेल्या दोराच्या मध्यावर वाळू भरलेली प्लास्टिकची बाटली सुतळीने बांधून सोडावी, ती तळाला टेकताच थांबावे आणि सुतळीचा भिजलेला भाग बाटलीच्या उंचीसह मोजावा. लोखंडी वजन लावू नये, अस्तर फाटते.

अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा व ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो. पंप कोणत्या देशाच्या मापाचा आहे ते पाहून त्या आकड्याने गॅलनला गुणावे.