वाचकांचे प्रश्न : गळाला लागलेला मासा निसटतो कशामुळे?

मासेमारीच्या जुन्या व्हिडिओ गेमबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

शाळेत असताना खेळायचो तोच कन्सोल (टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र) आणि तीच कार्ट्रिज (त्यात घालायची गेमची डबी) नव्या सपाट टीव्हीला जोडली. गळ हलला की लगेच हिसका देतो, तरी दहातले आठ मासे सुटतात. सराव गेला म्हणून, की आणखी काही?

सराव थोडा गेला असेलही, पण आधी टीव्ही तपासा. त्या काळचे बहुतेक कन्सोल २४० ओळींचं पूर्ण चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवतात. पिवळ्या पिनेतून ते आलं की अनेक सपाट टीव्ही त्याला ४८० ओळींच्या चित्राचा अर्धा भाग समजतात आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी थांबतात. मग चित्र मोठं करणं आलं, हालचाल गुळगुळीत करणं आलं. एक चित्र म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. अशी सहा चित्रं मागे पडली की सेकंदाचा दहावा भाग गेला. तुम्हाला गळ हललेला दिसतो, तेव्हा खेळात मासा आमिष सोडायच्या बेतात असतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावा. हालचाल गुळगुळीत करणारी आणि चित्रातली खरखर घालवणारी सोय बंद करा. एवढ्यानेच बराच फरक पडतो. तरीही उशीर जाणवला तर २४० ओळींचं चित्र नीट ओळखणारा, खास जुन्या कन्सोलसाठी बनवलेला स्केलर (चित्र मोठं करून टीव्हीला देणारा डबा) घ्यावा लागेल. एचडीएमआयचे साधे कन्व्हर्टर टीव्हीचीच चूक करतात, त्यात पैसे घालू नका. काचेच्या ट्यूबचा जुना टीव्ही मिळाला तर हा प्रश्नच उरत नाही.

एक उपाय बिनखर्चाचा आहे. आवाजाच्या पिना टीव्हीत न घालता वेगळ्या स्पीकरला जोडा. आवाज चित्रासाठी थांबत नाही. मासा आमिष धरतो तेव्हा बहुतेक गेममध्ये आवाज होतो. डोळ्यांनी गळ बघत राहू नका, त्या आवाजावर हिसका द्या.

आणखी एक शक्यता बघा. तुमचा लहानपणीचा कन्सोल सेकंदाला ५० चित्रं दाखवणाऱ्या (५० हर्ट्झच्या) पाल या टीव्ही पद्धतीचा होता का? पालसाठी वेग न जुळवता काढलेले अनेक गेम त्यावर संथ चालायचे. तेच गेम ६० हर्ट्झवर वीस टक्के जलद पळतात. तसं असेल तर मासा खरोखरच चपळ झाला आहे, आणि तुमच्या हाताला जुनी लय विसरावी लागेल.

‘लेजंड ऑफ द रिव्हर किंग’ची कार्ट्रिज चालू होते, पण सेव्ह केलेला खेळ दुसऱ्या दिवशी नाहीसा. कार्ट्रिजच बाद झाली का?

नाही, आतली बॅटरी संपली असणार. अशा कार्ट्रिजमधली सेव्हची मेमरी वीज असेपर्यंतच टिकते आणि ती वीज नाण्याएवढा लिथियमचा सेल देतो. कार्ट्रिज ३.८ मिमीच्या खास बिटने (स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने) उघडते. मल्टिमीटर लावा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.५ च्या खाली गेला असेल तर बदलाच. आकार सेलवरच लिहिलेला असतो, तोच घ्या. गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलच्या कार्ट्रिजमध्ये बहुधा सीआर १६१६ किंवा सीआर २०२५ निघतो.

नवा सेल पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेलाच आणा. उघड्या सेलवर सोल्डरिंग गन टेकवली की उष्णतेने तो खराब होतो, फुटूही शकतो. जुना काढण्याआधी अधिक-उणे बाजूंचा फोटो काढून ठेवा. सेल निघाला की असलेले सेव्ह पुसले जातात. एखादा जपायचा असेल तर कार्ट्रिज वाचणाऱ्या यंत्राने तो आधी संगणकावर उतरवून घ्या.

उघडलीच आहे तर तांब्याच्या पट्ट्याही ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाची काडी काळी निघायची थांबेपर्यंत पुसत राहा, मग दहा मिनिटं सुकू द्या. कार्ट्रिजमध्ये फुंकर मात्र मारू नका, श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात.

ड्रीमकास्ट या सेगाच्या कन्सोलवर ‘सेगा बास फिशिंग’ लावलं की प्रत्येक वेळी तारीख विचारली जाते आणि सुरू करताना लांबलचक ‘पीं’ वाजतं. शिवाय मोठा मासा लागला की दोर तुटतो.

तारीख आणि ‘पीं’ या दोन वेगळ्या बॅटऱ्यांच्या तक्रारी आहेत. आवाज मेमरी कार्डाचा आहे. त्यात सीआर २०३२ चे दोन सेल लागतात. ते संपले तरी सेव्ह जात नाहीत, कारण कार्डातली मेमरी विजेशिवाय टिकते. तारखेसाठी कन्सोलच्या आत चार्ज होणारा वेगळा सेल आहे. आधी कन्सोल काही तास चालू ठेवून पाहा. तरी तारीख टिकली नाही तर तो बदला, पण तिथे सीआर २०३२ बसवू नका. तो चार्ज होणारा नाही आणि कन्सोल त्यात वीज भरत राहतो.

आता दोर. हा खेळ १९९७ मध्ये आर्केडला (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर) आणि १९९९ मध्ये ड्रीमकास्टवर आला. खेळात उरलेला वेळ घटत जात असल्याने नवखा खेळाडू रीळ न थांबता फिरवतो. पडद्यावरचा दोराच्या ताणाचा पट्टा लाल होऊ लागला की हात सोडा, मासा पळू द्या, पट्टा खाली आला की पुन्हा ओढा. मासा लागण्याआधीही हेच: थोडं फिरवा, थांबा, काठीला हलका झटका द्या. एकसारखं ओढलेलं आमिष मेल्यासारखं दिसतं. काठीचा खास कंट्रोलर मिळाला तर जरूर घ्या. त्यात हालचाल ओळखणारा सेन्सर आहे आणि मासा लागला की मूठ थरथरते. (तीच काठी ‘सोलकॅलिबर’मध्ये तलवारीसारखी चालते, हेही करून बघा.)

‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ओकारिना ऑफ टाइम’च्या तळ्यात मोठा मासा लागतच नाही. बक्षीस कसं मिळवायचं?

लहानपणीच्या लिंकला (हा खेळाचा नायक) साधारण १० पौंडांचा मासा आणि मोठेपणीच्या लिंकला १५ पौंडांच्या आसपासचा मासा लागतो. पहिल्याचं बक्षीस हार्टचा तुकडा, दुसऱ्याचं सोनेरी खवला. तळ्याकाठी सापडणारं बुडणारं आमिष मात्र लावू नका, त्यावर पकडलेला मासा बक्षिसाला धरत नाहीत.

एन ६४ चा (निन्टेन्डो ६४ या कन्सोलचा) कंट्रोलर असेल तर त्याची अंगठ्याने हलवायची काडी आधी पाहा. ती ढिली झाली असेल आणि बुडाशी पांढरी पूड दिसत असेल तर आतलं प्लास्टिक झिजलं आहे. मग तुम्ही काडी पूर्ण मागे ओढता, पण खेळाला अर्धीच ओढलेली कळते आणि हिसका कमी पडतो. काडीचा सुटा भाग बदलता येतो. रंबल पॅकही (कंट्रोलरला लावायचा, थरथरणारा जोड) लावा, त्याला एएए आकाराचे दोन सेल लागतात. हाताला थरथर जाणवली की नजर पाण्यावर नसली तरी चालतं. टीव्ही उशिरा दाखवत असेल तर पहिल्या पत्रातल्या स्पीकरइतकाच याचाही उपयोग होतो.