जपानी राकू पॉटरी घरच्या इलेक्ट्रिक भट्टीत करता येते का? आणि त्या कपातून चहा प्यायला चालतो का?

तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात, की "जपानी लोक 400 वर्षं लालभडक भांडं भुशात टाकून राकू करतात, तसंच मला करायचंय". खरं सांगायचं तर या एका वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसलोय, कारण याच वाक्यावरून माझं एका वर्कशॉपमध्ये वाजलं होतं आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

तो भुसा क्योतोचा नाही हो. कॅलिफोर्नियाचा आहे.

मी कुंभाराच्या घरातला. कराडजवळ गाव, आज्जा चाकावर बसायचा, वडलांनी साठी उलटेपर्यंत माठ केले. मी इंजिनिअर झालो आणि कंपनीने दोन वर्षं ओसाकाला पाठवलं. ओसाकाहून क्योतो ट्रेनने अर्धा तास, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी तिकडेच. तिथे राकू घराण्याचं घर आहे, आत भट्टी आहे आणि शेजारीच त्यांचं छोटं म्युझियम. राकू हे आधी त्या घराण्याचं आडनाव आहे, मग भांड्याचं नाव. पहिला चोजिरो, तो 1589 मध्ये गेला, त्याने सेन नो रिक्यू या चहागुरूसाठी वाडगे केले, आणि त्या काळचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या जुराकुदाई वाड्यावरून हे नाव आलं असं सांगतात. आज सोळावी पिढी बसते भट्टीवर, 2019 मध्ये मुलाने बापाकडून नाव घेतलं. सोळा पिढ्या! मी कुंभाराचा पोरगा, तिसऱ्या पिढीलाच चाक सोडून बसलेला, तर तिथे उभं राहून मला काय वाटलं असेल ते समजून घ्या.

म्युझियममध्ये अधूनमधून घराण्यातले वाडगे हातात घेऊन बघायचा कार्यक्रम असतो, तो मी केला. काळा वाडगा. चाकावर केलेला नाही, हाताने उभा केलेला आणि मग पात्याने तासलेला, त्यामुळे काठ कुठे वर कुठे खाली, आणि दिसतो त्यापेक्षा वजनाला हलका. तिथेच समजलं की काळ्या राकूचा ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, कामो नदीच्या दगडाची पूड करून करतात, वाडगा एकेक करून छोट्या भट्टीत कोळशावर भाजतात, भाता मारून 1200 डिग्रीच्या आसपास नेतात, ग्लेझ वितळला की लाल असतानाच सांडशीने बाहेर काढतात आणि हवेत गार होऊ देतात. एकदम गार झाला म्हणून काळा राहतो, धुराने नाही. सांडशीचा ओरखडा काही वाडग्यांवर दिसतो आणि तो लपवत नाहीत. लाल राकू आणखी कमी आचेवर होतो. भुसा, पेपर, झाकणाचा डबा यातलं काही नाही.

मग भुसा आला कुठून? बर्नार्ड लीच हा इंग्रज 1911 मध्ये तोक्योत एका पार्टीला गेला, तिथे पाहुण्यांना भांडी रंगवायला दिली आणि लगेच राकू पद्धतीने भाजून हातात दिली, त्याचं आयुष्यच बदललं तिथे. 1920 मध्ये हमादा शोजी या जपानी कुंभाराला घेऊन त्याने इंग्लंडात सेंट आयव्हजला पॉटरी काढली आणि 1940 मध्ये पुस्तक लिहिलं. ते पुस्तक अमेरिकेत पॉल सोल्डनर या कुंभाराने वाचलं. 1960 मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटच्या एका क्राफ्ट फेअरमध्ये त्याने पुस्तकावरून राकू करून दाखवायचा प्रयत्न केला, भांडं काही मनासारखं येईना, मग त्याने ते गरम भांडं तिथल्या झाडाच्या पाल्यात लोळवलं, पाला पेटला, धूर धरला आणि मातीवर काळे ढग उमटले. तुम्ही यूट्यूबवर जे बघता, भुशाचा डबा, ज्वाळा, तांब्यासारखी चमक, पांढऱ्या ग्लेझवर काळ्या भेगांची जाळी, ते सगळं सोल्डनरच्या या प्रयोगातून आलेलं. सुंदर आहे, मी स्वतः केलंय, पण त्याचं वय 400 नाही, साठ-पासष्ट वर्षं आहे.

आता भांडण. परत आल्यावर पुण्याजवळ एका फार्महाऊसवर दोन दिवसांचं राकू वर्कशॉप केलं. फी साडेसहा हजार. पत्र्याच्या ड्रमला आतून सिरॅमिक ब्लँकेट, खाली गॅसचा बर्नर, शेजारी भुशाचे डबे. शिकवणारे चांगले होते, हात चांगला होता त्यांचा, हे मी आजही म्हणेन. पण सुरुवातच झाली झेन आणि वाबी-साबीने, आणि भुशात टाकणं ही रिक्यूची पद्धत आहे म्हणे. मी शांतपणे म्हणालो की सर, क्योतोत भुसा वापरत नाहीत, मी बघून आलोय, आणि धूर कोंडून भांडं काळं करणं तर आमच्या घरी होतं, माझा आज्जा आवा, म्हणजे मडकी भाजायची उघडी भट्टी, पेटवून झाला की शेवटी ओला पालापाचोळा टाकून वरून मातीने सगळी तोंडं बंद करायचा, काळी मडकी तशीच निघतात. त्यावर ते वीस लोकांसमोर म्हणाले, "इथे पुस्तकी वाद नकोत, जरा हात काळे करा."

मला म्हणाले. हात काळे करा.

मी गप्प बसलो, वाडगा केला, तो चांगला निघाला, आणि तो घेऊन तडक गावी गेलो. वडलांनी हातात घेतला, फिरवला, बोटाच्या पेराने वाजवला, आत नाक घालून वास घेतला आणि म्हणाले, "धूर कोंडलाय. आव्यातनं कवा काढला?" मी म्हटलं, लालभडक असताना, सांडशीने. ते बराच वेळ गप्प. मग विचारलं, "मग तडाकला कसा न्हाई? मातीत लीद घातलीया काय?" बघा, माणसाने राकू हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि प्रश्न नेमका विचारला. आमच्याकडे मातीत घोड्याची लीद घालतात, ती भाजताना जळून जाते, बारीक पोकळ्या राहतात, आणि माती उष्णतेचा झटका सोसते. वर्कशॉपच्या मातीत त्यासाठीच भाजलेल्या मातीची भरड, म्हणजे ग्रॉग, भरपूर होती. हे ऐकून वडील म्हणाले, "त्येंचं काम धाडसाचं हाय." एवढं कौतुक त्यांनी माझ्या डिग्रीचं पण केलं नव्हतं.

मग त्यांनी वाडग्यात पाणी भरून फरशीवर ठेवला. सकाळी खाली ओलं गोल वर्तुळ. "माठ म्हनून बरा हाय," म्हणाले.

तर हे तुमच्या चहाच्या प्रश्नाचं उत्तर. भुशातल्या राकूची माती कमी आचेवर भाजलेली, आतून सच्छिद्र, ग्लेझला बारीक भेगा, चहा त्यात मुरत जातो आणि धुऊन निघत नाही. तांब्याचा ग्लेझ असेल तर अजिबात नको, लिंबू-चहा तर नकोच. शोभेला ठेवा. ती तांब्याची चमकही कायम टिकत नाही हं, कोंडलेल्या धुराने तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतलेला असतो, हवेत तो हळूहळू परत येतो आणि काही वर्षांत रंग मावळतो. क्योतोचे राकू वाडगेही मऊ मातीचेच, पण त्यात माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा, ओततात, थोड्या घोटांत पितात आणि लगेच धुऊन पुसून नीट वाळवतात. त्यात कोणी दिवसभर चहा भरून ठेवत नाही.

इलेक्ट्रिक भट्टीचं म्हणाल तर होतं. धूर भट्टीबाहेर डब्यात द्यायचा असतो त्यामुळे भट्टीला फरक पडत नाही. भांडं आधी एकदा भाजून घ्या, मग ग्लेझ लावून पूर्ण वाळवा, मग 1000 डिग्रीच्या आसपास न्या, ग्लेझ ओल्या काचेसारखा चमकला की काढा. काढायच्या आधी मेन स्विच बंद, सांडशी लोखंडाची आहे आणि आत कॉइल आहेत. दार गरम असताना सारखं उघडलं की कॉइल लवकर जातात, म्हणून लोक गॅसचा ड्रम करतात. फ्लॅटच्या बाल्कनीत करू नका, प्लीज. मोकळी जागा, सुती कपडे, कातडी हातमोजे, पाण्याची बादली.

आणि वर्कशॉप शोधत असाल तर फी भरायच्या आधी फोनवर विचारा की भुशाची पद्धत कुणाची. सोल्डनर किंवा अमेरिका असं काही उत्तर आलं तर बिनधास्त जा, त्या माणसाला आपलं काम माहीत आहे. रिक्यूचं नाव आलं तर त्यांना सांगा की नावं ज्याची त्याला द्या, राकू क्योतोच्या घराण्याला, भुशाचा डबा अमेरिकेला, आणि आव्यात धूर कोंडणं आमच्या आज्जासारख्या कुंभारांना, त्यांच्याकडून तर कोणी फी देऊन शिकायलाही येत नाही.

एक राहिलं. जुन्या पुस्तकांतल्या राकू ग्लेझच्या रेसिपीत शिसं असायचं, लीचच्याही काळात होतं. तसली रेसिपी कुठे सापडली तर घरात करू नका, बोरॉनच्या फ्रिटवर (आधीच वितळवून पूड केलेल्या काचेवर) आधारलेला ग्लेझ तयार मिळतो तो आणा, आणि पावडर कालवताना मास्क लावा.