दादरला भेटायचं ठरलंय? आधी तिचा फोन नंबर घ्या

‘तीन वर्षं रोज गप्पा होतात, आता ती लातूरहून येतेय, दादर स्टेशनवर भेटायचं ठरलंय, दिवसभराचा बेत आखू का?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. २०१९ मध्ये मीही दादर स्टेशनच ठरवलं होतं.

घरी सांगून जा, आधी व्हिडिओ कॉल करा वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

माझी मैत्रीण नागपूरची. ओळख भरतकामाच्या ग्रुपवर झालेली, चार वर्षांची. ती घाटकोपरला मावसबहिणीकडे उतरली होती, मी गोरेगावची. ठरलं काय, तर दादर, एक नंबर प्लॅटफॉर्म, सकाळी अकरा. मी पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर उभी राहिले आणि ती मध्य रेल्वेच्या. तेव्हा दादरला एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते! माझा जन्म वेस्टर्न लाइनवर गेला, त्यामुळे ‘एक नंबर’ म्हटलं की मला माझाच दिसायचा. घाटकोपरहून येणारी बाई कुठल्या बाजूला उतरेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे चार वर्षांत आम्ही एकमेकींचा फोन नंबरच घेतला नव्हता. सगळं बोलणं ॲपवर. नेमका त्या दिवशी तिचा डेटा संपला, माझे मेसेज तिच्यापर्यंत पोचेनात. मी एक वाजेपर्यंत थांबले आणि घरी आले. रात्री तिचा मेसेज आला, ‘यायचं नव्हतं तर सांगायचंस.’ मीही रागात होते, लिहिलं की मी दोन तास उभी होते. दोघींचाही एकमेकींवर विश्वास बसला नाही. तिला वाटलं, मी तिला लांबून पाहिलं, ती आवडली नाही आणि परत फिरले. हे तिने मला फार नंतर सांगितलं. आजही आठवलं की पोटात तुटतं.

सात-आठ महिने आम्ही बोललो नाही. लॉकडाऊनमध्ये तिने एक फोटो पाठवला, त्या दिवशी वाट बघताना काढलेला. तिच्या मागे इंडिकेटरवर ‘कर्जत’ लिहिलेलं. कर्जतची लोकल मध्य रेल्वेची, ती पश्चिमेच्या प्लॅटफॉर्मवर कुठून येणार? तेव्हा कुठे उलगडा झाला.

९ डिसेंबर २०२३ पासून दादरचे नंबर बदललेत. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्यचे ८ ते १४ झाले. तरी माझं ऐका, लोकलच्या गर्दीत भेटू नका. ती लातूरच्या गाडीने थेट दादरला उतरणार असेल तर डब्याचा नंबर विचारा आणि त्या डब्यासमोर उभ्या राहा. ती आधी नातेवाइकांकडे जाणार असेल तर स्टेशनबाहेर एखाद्या दुकानाच्या पाटीखाली भेटा, पूर्व की पश्चिम हे स्पष्ट लिहा, आणि तिला ‘पोचलं की समोर काय दिसतंय ते सांग’ म्हणा. गाडी कुर्ला टर्मिनसची निघाली तर ते आणि कुर्ला स्टेशन वेगळं, हेही सांगा. आपल्याला हे माहीत असतं, बाहेरच्या माणसाला नसतं.

दिवसभराचा बेत मात्र मला अजिबात पटत नाही. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला आधी आंघोळ आणि झोप हवी असते. दुपारी दोन तास पुरे. आम्ही २०२२ मध्ये भेटलो ते जहांगीर आर्ट गॅलरीत. तिकीट नाही, आणि समोर चित्रं असली की शब्द सुचले नाहीत तरी अवघडल्यासारखं होत नाही. इतकी वर्षं पानंच्या पानं लिहिणाऱ्या आम्ही पहिली दहा मिनिटं गप्प होतो. तुमचंही तसं झालं तर घाबरू नका. राणीची बाग चांगली आहे, पण बुधवारी बंद असते.

ती लॉजवर उतरणार असेल तर खोली तिच्याच नावाने घ्या. मी माझ्या नावाने घेतली होती, तर काउंटरवरच्या माणसाने मुंबईचा पत्ता बघून ‘लोकल आयडी चालत नाही’ म्हणत रात्री साडेनऊला परत पाठवलं. बुकिंग घेताना हे का सांगत नाहीत? दोन बायका बॅगा घेऊन रस्त्यावर, आणि त्याला काहीच वाटलं नाही.

हा सगळा दोन बायकांचा अनुभव आहे. तुम्ही व्हिडिओवर एकमेकींना पाहिलंय असं धरून लिहितेय. पाहिलं नसेल, किंवा प्रवासाच्या नावाखाली पैसे मागितले असतील, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि भेटू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

भेट रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात तो) कुठल्या लाइनवर आहे ते बघून ठेवा. आणि नंबर आज रात्रीच मागा, एकदा साधा कॉल लावून बघा.