आरएफआयडी टॅग : आधी वस्तू बघा, मग कॅटलॉग

प्रश्न : लोखंडी साच्यांवर आरएफआयडीची (रेडिओ लहरींनी दुरून ओळख पटवणारी) यूएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारितेची, कागदी लेबलं (टॅग) लावली. खोक्यांवर हीच लेबलं पाच मीटरवरून वाचली जायची. साच्यावर मात्र रीडर (टॅग वाचणारं यंत्र) टेकवला तरी वाचेल याचा भरवसा नाही. माल खराब आला का?

माल ठीक आहे, जागा चुकली. या टॅगला बॅटरी नसते. रीडरच्या लहरींमधून मिळेल तेवढ्या ऊर्जेवर त्याची चिप जागी होते. धातूला अगदी लगटून विद्युतक्षेत्र जवळपास शून्यावर येतं, अँटेनाचा सूरही बिघडतो, आणि टॅग उपाशी राहतो. इथे ‘ऑन-मेटल’ टॅगच हवा. त्यात अँटेना आणि धातू यांच्यामध्ये फोम, प्लास्टिक किंवा सिरॅमिकचा थर असतो. एचएफ (उच्च वारंवारितेच्या) टॅगमध्ये तेच काम फेराइट या चुंबकीय पदार्थाचा पातळ थर करतो.

गंमत अशी की अनेक ऑन-मेटल टॅगना खालचा धातू लागतोच, तो धरूनच त्यांची अँटेना आखलेली असते. नमुन्याचा टॅग हातात धरून तपासायचा आणि ‘अंतर कमी मिळतं’ म्हणून परत पाठवायचा, हा प्रकार मी बऱ्याचदा पाहिलाय. चाचणी साच्यावर बसवूनच घ्या, तीही साचा नेहमी जिथे ठेवता तिथे. ठोकर लागू नये म्हणून खाच पाडून टॅग आत बसवणार असाल, तर भोवती किती मोकळी जागा सोडायची ते उत्पादकाला आधी विचारा. घट्ट खाचेत अंतर आणखी घटतं.

प्रश्न : आमचे हँगर पेंट लाइनच्या 200 अंशांच्या ओव्हनमधून जातात. टॅगवर 230 अंश सेल्सिअस लिहिलंय. पुरेसं आहे ना?

आकडा अर्धवट आहे. 230 अंश किती मिनिटं? अशा किती फेऱ्या? आणि त्या तापमानाला टॅग नुसता टिकतो की वाचलाही जातो? बऱ्याच चिपांची कामाची मर्यादा 85 अंशांच्या आसपास असते. त्यापुढे टॅग तग धरतो, पण उत्तर देईलच असं नाही. म्हणून रीडर ओव्हनच्या तोंडाशी न लावता हँगर निवल्यावर लावा. टॅग मरतात ते बहुधा तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी : चिप, कवच आणि भरलेलं इपॉक्सी वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आणि शेवटी जोड तुटतो. उष्णतेने मेमरीतली माहिती टिकण्याचा काळही घटतो, तेव्हा टॅगमध्ये फक्त ओळख क्रमांक ठेवा.

प्रश्न : द्रवाने भरलेल्या प्लास्टिक पिंपांसाठी एचएफ की यूएचएफ?

पाणी यूएचएफ लहरी शोषून घेतं, 13.56 मेगाहर्ट्झच्या एचएफला त्याचा त्रास फार कमी. कामगार हातातला रीडर पिंपाजवळ नेणार असेल तर निमूटपणे एचएफ घ्या. गेटमधून अख्खं पॅलेट वाचायचं असेल तर यूएचएफ. पण टॅग द्रवाच्या पातळीच्या वर, झाकणाजवळ. पिंपं परदेशी जाणार असतील तर 860 ते 960 मेगाहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात चालणारा टॅग मागा, कारण देशागणिक पट्टा बदलतो.

प्रश्न : यंत्राच्या देखभालीचा सगळा इतिहास टॅगमध्येच साठवावा का?

मी साठवणार नाही. लिहायला वाचण्यापेक्षा जास्त ऊर्जा आणि वेळ लागतो, त्यामुळे अंतर घटतं. 96 बिटांचा क्रमांक टॅगवर, बाकी सगळं सर्व्हरवर. नेटवर्क पोचतच नाही अशा जागी मोठी मेमरी घ्या. आणि दर पाळीत अनेकदा लिहायचं असेल तर एफरॅम (कितीतरी जास्त वेळा लिहिता येणारी मेमरी) बघा. साध्या ईईप्रॉमला (टॅगमधल्या नेहमीच्या मेमरीला) साधारण 1 लाख वेळा लिहिता येतं.

प्रश्न : धुतल्या जाणाऱ्या पॉलिप्रोपिलीन क्रेटवरचे टॅग गळून पडतात. आयपी 67 (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) असूनही?

आयपी 67 ची चाचणी म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवणं. गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यासाठी आयपी 69के बघा. पण गळण्याचा दोष गोंदाचा आहे : पॉलिप्रोपिलीनवर साधा गोंद धरत नाही. रिव्हेट मारा, किंवा नवे क्रेट घेताना टॅग साच्यातच घालून मागवा. काळे ईएसडी (स्थिर विजेपासून बचाव करणारे) क्रेट असतील तर मात्र आधी एकावर चाचणी घ्या. त्यातल्या कार्बनमुळे प्लास्टिकही थोडंफार धातूसारखं वागतं.